नाव माहीत असताना केलेली मोजणी

नाही, आता जीभ चावून काही उपयोग नाही. बोललीस ते बोललीस. "तो मांडीचा तुकडा आमच्या बाबांचा आहे, जरा लवकर बघता का" — एवढंच ना? एवढंसं वाक्य. पण प्रयोगशाळेच्या या खोलीत नेमकं तेवढंच बोलायचं नसतं गं. दारावरची पाटी वाचली नाहीस? 'रुग्णाचे नाव सांगू नये.' कोणी लावली ती? तुझ्या बाबांनी. स्वतः स्टुलावर चढून, स्वतः खिळा ठोकून — आणि खिळ्यांची डबी धरून खाली कोण उभं होतं? मी. बस. बस ना, उभी काय राहिलीस. ते फिरतं स्टूल घे. लहानपणी त्याच्यावर बसून गरागरा फिरायचीस आणि चक्कर आली की माझ्या अंगावर येऊन पडायचीस. आठवत नाही? नसेल. मलाही आधी ओळख पटली नाही. पर्स पोटाशी धरून दारात उभी राहिलीस तेव्हा वाटलं, कुठल्यातरी कंपनीची मुलगी असेल, यंत्र विकायला आलेली. मग "आमचे बाबा" म्हणताना हनुवटी अशी वर केलीस, आणि म्हटलं — आली. तराजूची मुलगी आली.

रागावू नकोस, सगळेच म्हणायचे. तोंडावर सर, पाठ फिरली की तराजू. त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. कोणाच्या बाजूने झुकणार नाही असा माणूस, म्हणून तराजू. त्यांचा नियम असा, की इथे येणाऱ्या तुकड्यावर फक्त एक आकडा लिहायचा. कोणाचा, बाईचा की पुरुषाचा, धडधाकट की आजारी — मोजणाऱ्याला काही म्हणजे काही कळता कामा नये. का? तर माणसाचा डोळा लबाड असतो, मनात असेल तेच बघतो. आणि चुकून नाव कळलंच, तर मोजणाऱ्याने उठायचं. त्याची मोजणी धरायची नाही. मग धरायचं काय? यंत्राने स्वतःहून जे मोजलं असेल ते, जसंच्या तसं. कळलं आता काय करून बसलीस? दोन मिनिटांपूर्वी मी मोजू शकत होते. आता नाही. दुसरं कोणी? माझ्या हाताखालची मुलगी बाळंतपणाला माहेरी गेलीय, आणि तिच्याशिवाय हे काम येणारं इथे कोणी नाही. तेव्हा तुझ्या बाबांचं काय व्हायचं ते आता हे यंत्र ठरवणार. — रडू नकोस. माझ्याकडे रुमाल नाही, काचा पुसायचा कागद आहे, तो नाकाला खरखरीत लागतो. घे.

ये, इकडे सरक. स्क्रीनकडे बघ. हा तुझ्या बाबांच्या मांडीचा स्नायू. गोठवून आडवा कापलेला, इतका पातळ की फुंकर मारली तर उडून जाईल. मग रंगवून काचेवर. या फिक्या फरशा दिसतायत ना, एकीला एक चिकटून बसवलेल्या? ते स्नायूचे तंतू. आणि फरशांच्या सांध्यांमध्ये हे तपकिरी ठिपके — त्या केशवाहिन्या. केसाहून बारीक रक्तवाहिन्या, स्नायूला जेवू घालतात त्या. प्रत्येक फरशीच्या भोवती तीन-चार तरी हव्यात. तुझ्या बाबांच्या डॉक्टरांना कसली शंका आहे ते मला कोणी सांगायला नको, केशवाहिन्या मोजायला कोणी हौसेने पाठवत नाही. या आजारात शरीर आपल्याच केशवाहिन्यांवर उठतं. एकेक करून मारून टाकतं. आधी वाहिन्या जातात, मग उपाशी राहून स्नायू जातो. जिने चढवत नाहीत, खुर्चीतून उठवत नाही, हात खांद्याच्या वर जात नाही — तसंच ना? हो, तसंच असतं. याला औषध आहे. चांगलं औषध आहे, वेळेवर मिळालं तर माणूस पुन्हा चालायला लागतो. पण जालीम आहे ते, वाहिन्या कमी झाल्यात असं लेखी हातात आल्याशिवाय कुठलाही डॉक्टर हात लावणार नाही. आणि यंत्र काय म्हणतंय? वाच. मोठ्याने वाच. — हां. 'संख्या सामान्य.' म्हणजे आजार नाही. म्हणजे औषधही नाही. वय झालं, थोडं चालत जा, दूध पीत जा.

हसलीस? थांब, घाई करू नकोस हसायची. हा ठिपका बघ, मोठा करून दाखवते. केवढा आहे! बाकीच्यांच्या तिप्पट. का माहितेय? आजूबाजूच्या मेल्या की उरलेली एकटी सगळ्यांचं काम ओढते, आणि ओढता ओढता फुगते. एक आहे ती. एकच. आणि यंत्राने तिच्यावर या हिरव्या रेघा काढून काय केलंय? तीन तुकडे. कारण त्याला शिकवलंय, की केशवाहिनी एवढी रुंद असूच शकत नाही, एवढा ठिपका दिसला की तीन वाहिन्या एकमेकींना चिकटल्यात असं समज आणि वेगळ्या मोज. धडधाकट माणसात हे बरोबर आहे, तिथे खरंच चिकटलेल्या असतात. पण आजारी माणसात? निम्म्या मेल्या तरी हजेरी पूर्ण! हे डोकं कोणाचं? यंत्र बसवलं कोणी, शिकवलं कोणी? डोळे पुसत माझ्याकडे काय बघतेस, मी नाही. मी तर तेव्हाच सांगत होते. म्हणून मोजणाऱ्याने मागाहून एकेक ठिपका तपासायचा, रेघा पुसायच्या, आकडा दुरुस्त करायचा. तेवढी मुभा आहे. पण कोणाला? नाव माहीत नसलेल्याला. बसलो का परत तिथेच येऊन?

दुसऱ्या ठिकाणी पाठवा म्हणतेस — पाठव की, मी कुठे अडवतेय. पुन्हा मांडी कापा, पुन्हा रांगेत उभे राहा. तिथेही हेच यंत्र आहे, तुझ्या बाबांनीच जाऊन बसवून दिलेलं, त्याबद्दल शाल-श्रीफळ घेऊन आले होते. आणि तोवर घशाचे स्नायू थांबतात का बघ. कारण घसाही जातो यात, हे सांगितलं का कोणी तुला? पाणी प्यायला घेतलं की चुकीच्या वाटेने जातं. मला कसं माहीत? काय प्रश्न आहे! मला नाही तर कोणाला माहीत असणार?

माझा दादा गेला यात. — हो, हाच आजार. नाही, तुला कोण सांगणार, तुझ्या घरी त्याचा विषय कशाला निघेल. रंगारी होता तो. घरं रंगवायचा, आणि छत रंगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी इथे नवीन होते, सरांच्या हाताखाली, यंत्राची ती पहिलीच मोठी चाचणी होती आणि आम्हाला धडधाकट माणसांचे तुकडे हवे होते, तुलना करायला. आता स्वतःची मांडी कापून कोण देतंय? दादा म्हणाला, घे माझी, एवढी मोठी आहे, एक घास गेला तर कळणारही नाही. तुकडा काढताना मी त्याचा हात धरून बसले होते, आणि तो डॉक्टरला सांगत होता, जपून, पँट नवीन आहे. डबीवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर लिहिला गेला. तो मी विसरणार कशी? मग काच माझ्यासमोर आली. धडधाकट म्हणून आलेली काच, आणि तिच्यात बघते तर — फुगलेले ठिपके. मोठे मोठे, एकेकटे. यंत्र म्हणत होतं सामान्य. मी रेघा पुसल्या, हाताने मोजलं, पुन्हा मोजलं, निम्म्याही भरेनात. आणि दादा गेले काही दिवस म्हणत होता ना, की ब्रश जड लागतो. आम्ही हसायचो. वहिनी म्हणायची, ब्रश नाही, तुम्ही जड झालात.

मग मी काय केलं? तेच, जे आत्ता तू केलंस. धावत सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, हा माझ्या दादाचा आहे आणि याच्यात वाहिन्याच नाहीत. बोलून गेले गं. नाव घेऊन मोकळी झाले. तुझ्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी हळू आवाजात — ते कधी ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं — म्हणाले, "तुम्हाला नाव माहीत आहे, तेव्हा ही मोजणी धरता येणार नाही. तुमची भीती मोजताय तुम्ही." यंत्राचा आकडा तसाच गेला. दादाला मी डॉक्टरकडे नेलं, नेलं नाही असं समजू नकोस, पण डॉक्टरांनी इथूनच कागद मागवला, आणि कागदावर तुझ्या बाबांची सही: सामान्य. डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? आणि दादाही म्हणाला, सोड, सर म्हणतायत ना. आता मला सांग, नियमासाठी केलं का हे तुझ्या बाबांनी? मलाही तसंच वाटायचं आधी. पण पुढच्याच महिन्यात ते यंत्र चार लोकांपुढे मांडायचं होतं. यंत्र आजारी माणसाला धडधाकट म्हणतं हे मान्य केलं असतं, तर काय मांडलं असतं? माझं म्हणणं खरं ठरलं तर ते तोंडघशी पडणार होते. तराजू झुकलाच ना? आपल्या बाजूला झुकला तेवढंच. त्याला ते नियम म्हणाले.

पुढचं काय सांगू. एका घराचं छत निम्मं रंगवून दादा शिडीवरून उतरला तो पुन्हा चढलाच नाही. केस विंचरायला हात पोचेना, तेव्हा कापून टाकले. दाढी मात्र कोणाला करू द्यायचा नाही. कोपर टेबलावर टेकवायचा, आणि हात वर न्यायच्या ऐवजी तोंड खाली आणायचा ब्लेडपाशी. वहिनी दाराआडून बघत राहायची, मदत करायची तिची हिंमत नव्हती. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे आजार कळला तेव्हा औषधाला वाव उरला नव्हता. एका दुपारी पाणी प्यायला, ठसका लागला, आणि तो ठसका थांबला तेव्हा दादाही थांबला होता. आई अजून मला विचारते — "तू तर तिथेच होतीस ना गं? तूच मोजत होतीस ना?" हो आई, मीच मोजत होते. वहिनी काही विचारत नाही. ती माझ्याकडेच राहते, भाजी चिरते, टीव्ही बघते, आणि मी सरांचं नाव काढलं की उठून आत जाते. मी इथली नोकरी का सोडली नाही, हा प्रश्न तिला पडत असेल. तुलाही पडला असेल. सांगते ना — वाट बघत होते. कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. डूख धरून बसायला जागा लागते, ही खोली बरी होती. खिडक्यांना काळा कागद, थंडगार, कोणी तोंड बघत नाही. त्यांचं भाषण असलं की मी पहिल्या रांगेत बसायचे. टाळ्यासुद्धा वाजवायचे. त्यांनी बघावं म्हणून.

आणि आज तू आलीस. आयती.

तोंड असं पाडू नकोस. मी राक्षसीण नाही. बघ, नियम बाजूला ठेवते आणि तुझ्यासमोर मोजते, तूच बघ मी लबाडी करते का. ही फुगलेली — एक. रेघा पुसल्या. ही पण एक. हा ठिपका तर वाहिनीच नाही, रंगाचा डाग आहे, हा गेला. ही फरशी बघ, हिच्याभोवती काहीच उरलं नाही, बिचारी. ही एक. ही — थांब, ही जरा अवघड आहे, दोन आहेत की एक ते चटकन कळत नाही, सकाळी पण इथेच अडले होते मी. कडा नीट बघायची, मध्ये भिंत दिसली तर दोन. नाही दिसत. एक. झालं, आता हा कोपरा —

काय? कुठे काय म्हटलं मी? सकाळी? … सकाळी म्हणजे अशाच दुसऱ्या एका —

बापाचेच कान घेऊन आलीस. बरं. हो. सकाळी मोजून झालाय हा तुकडा. तू यायच्या आधी, नाव कळायच्या आधी, फक्त आकडा बघून. नियमात बसणारी मोजणी. इथेच आहे, या यंत्रात. आणि ती काय सांगते? हेच सांगते जे तुला आत्ता दिसलं. वाहिन्या निम्म्याहून कमी. आजार आहे, औषध लागू आहे, उशीर झालेला नाही. पाठवायची राहिली होती. जेवण करून पाठवणार होते, डबा उघडला, आणि तू दार वाजवलंस. — ओरडू नकोस. हळू. तुझे बाबा कधी ओरडले नाहीत.

मग एवढा वेळ तुला का रडवलं? का नाही रडवायचं? माझ्याकडे खरा आकडा होता आणि तुझ्या बाबांनी तो धरला नाही. आता माझ्याकडे खरा आकडा आहे, आणि — काय म्हणालीस? परत म्हण. "मग त्यांच्यात आणि तुमच्यात" — हां. म्हण ना पुढे. नाही म्हणवत? मीच म्हणते. काही फरक नाही. आत्ता या घडीला, नाही. ते मला तू यायच्या आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरी मी पाठवायचं बटण दाबत नाहीये, बघतेस ना? हात इथे आहे, बटण तिथे आहे.

ऐक आता. हे दोन कागद छापले, घे. हा यंत्राचा — सामान्य. हा माझा, आत्ता तुझ्यासमोर केलेला, नाव माहीत असताना. खाली मी एक ओळ घातलीय: 'मोजणाऱ्याला रुग्णाचे नाव माहीत होते. तरीही ही मोजणी खरी धरावी.' त्याच्याखाली सहीची जागा. हा नियम मोडायची परवानगी देणारा माणूस एकच, ज्याने केला तो. प्रयोगशाळेच्या दारावर अजून त्यांचंच नाव आहे, आजारी रजेवर असले म्हणून काय झालं. दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेव. यंत्र खरं म्हणायचं तर म्हणू देत, खुर्चीत बसून राहू देत, आयुष्यभर तेच म्हणत आलेत. माझं खरं म्हणायचं असेल तर इथे सही. आणि ती सही कशावर होतेय हे त्यांना बरोबर कळेल, तू दादाचं नाव काढू नकोस. त्यांचं त्यांना आठवू दे.

आणि नाही केली सही तर? तर काय… संध्याकाळी खोली बंद करताना मी सकाळचा आकडा पाठवणारच आहे. पाठवणार. दादाचाच आकडा पाठवतेय असं समजून पाठवणार, तुझ्या बापासाठी नाही. औषध त्यांना मिळेल, सही करोत न करोत. असं बघू नकोस माझ्याकडे, हात जोडू नकोस — सोड, सोड हात. उपकार नाहीत हे. कारण हे त्यांना सांगायचं नाही. समजलं? एक शब्द नाही. औषध मिळणारच आहे हे कळल्यावर केलेली सही मला काय करायचीय? माहीत नसताना केली पाहिजे. नियम त्यांचाच आहे, ज्याला आधी माहीत असतं त्याचं धरत नाहीत. आता माहीत असणारी तू झालीस. घरी गेल्यावर तोंडावर काही दिसू देऊ नकोस. जमेल? मला नव्हतं जमलं, पण तू तराजूची मुलगी आहेस.

हात उचलत नाही म्हणालीस ना त्यांचा? सहीपुरता उचलेल. कोपर टेबलावर टेकवायला सांग. आणि तोंड खाली आणायचं, कागदापाशी.

जा आता. स्टूल होतं तिथे ठेव.